छाट

बुर्ले शेठचा फोन आला तेव्हा
आई मांडीवर सूप घेऊन बसली होती.
"मॅडम, एक तक्ता करून द्या.
पगारी माणूस ठेवला तर काय पडतं
आणि तुमच्यासारखं कामापुरतं घेतलं तर काय.
घाई नाही. संध्याकाळपर्यंत."

पगारी माणूस म्हणजे दोड्यानूर.
अक्कलकोट रोडचा टॉवेल कारखाना,
लूमच्या आवाजापासून एक भिंत अलीकडे
एकोणीस वर्षं तीच खुर्ची.

लिहिलं:
पगार चोवीस हजार.
फंडाचे एक हजार नऊशे पन्नास.
दिवाळीचा एक पगार, बारांत वाटून दोन हजार.
ग्रॅच्युइटी अकराशे चोपन्न.
चहा, पंखा, खुर्ची मिळून नऊशे धरले.
तीस हजार चार.
वरचे चार रुपये पुसावेसे वाटले नाहीत.

मग मी.
नोटिशीचं उत्तर आठशे, महिन्याला पाच.
करारनामा अडीच हजार, असे तीन.
कोर्टात तारखेला उभं राहणं सातशे, चार वेळा.
चौदा हजार तीनशे.
दोड्यानूरच्या निम्म्याहून सातशे दोन रुपये कमी.

इथं थांबले असते तर काम माझं होतं.

पण नक्कल विभागाच्या खिडकीशी
पहिल्यांदा गेले तेव्हा कोट उसना होता,
आणि मागून हाच माणूस म्हणाला होता,
"कशाला भ्यालालाव? सनद आहे तुमच्याकडं.
माझ्याकडं तीपण नाही."
कुठलं मूळ कुलमुखत्यारपत्र कुठल्या बँकेत,
सुरतेचा कुठला व्यापारी फक्त एकादशीला फोन उचलतो,
हे त्यानं कधी लिहून ठेवलं नाही.
लिहिलं असतं तर मला पानामागे दर लावता आला असता.

आई आता मावशीच्या कार्डावर वळते.
तिच्या स्वतःच्या कार्डाचा फंड निघाला, पेन्शन येते,
थोडी, पण तारखेला.
कुंभारीच्या या घरात भिंतीवर माझी सनद आहे,
काचेत. तिच्यावर असा कुठलाच नंबर नाही.
हजार वळून नेल्या की
ठेकेदार मूठभर बाजूला सारायचा.
छाट.
पान गेलं, दोरा गेला, डोळे गेले.
छाट म्हणजे वळलेली, पण न मोजलेली.

म्हणून मी मोजायला बसले.
रात्री अकराचे फोन.
"एवढं एक वाक्य बघा ना."
पाचव्यांदा बदललेलं तेच कलम.
पक्षकार आलाच नाही त्या तारखा.
वीज गेल्यावर जिन्यात बसून टाइप केलेलं,
तापात टाइप केलेलं.
बावन्न तास निघाले, तासाला तीनशे लावले,
आणि दोड्यानूर आणि मी
एकशे चार रुपयांच्या अंतरावर येऊन उभे राहिलो.

तसाच पाठवला तक्ता.

शेठचं उत्तर दहा मिनिटांत:
"छान. फक्त ती शेवटची ओळ काढा,
असलं कोण धरतं?
आणि दोड्यानूरला एवढ्यात बोलू नका."
खाली, जरा वेळानं: "तक्त्याचे किती झाले?"

"एंता?" आईनं विचारलं, मान वर न करता.
तिला माझ्या कामातला एवढा एकच प्रश्न येतो,
आणि तो बरोबर असतो.

मी ओळ निवडली. ती निळी झाली.
आईनं एक वाकडी बिडी उलगडली,
तंबाखू परत सुपात झाडली,
पान उजेडात धरून बघितलं
अजून एकदा चालेल का.

"सांगते," मी म्हणाले.
बोट तसंच होतं.