हातचे चाळीस

सेरो सोर्दो म्हणजे बहिरा डोंगर.
त्याच्या माथ्यावर आम्हाला एक कान बसवायचा होता
आणि एक तोंड:
या फ्योर्डचं बोलणं त्या फ्योर्डला पोचवणारा रिपीटर.
वर वीज नाही. रस्ताही नाही.
वारा आहे, पण तो कुणी मागितला नव्हता.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे घरात ठीक.
इथे आधी पाय मोजायचे,
मग तेवढं अंथरूण शिवायचं.
मी वहीच्या मागल्या पानावर मांडायला घेतलं.
नुसतं ऐकत बसायला अर्धा अँपिअरही लागत नाही,
ऐकणं स्वस्त असतं.
बोलायला पाच.
म्हणजे एकच विचारायचं उरलं:
आपण दिवसाकाठी बोलतो किती?

“फारसं नाही,” ओर्तेन्सिया बार्रिया म्हणाली,
आणि हे पटवायला तिला पाऊण तास लागला.

मग मे महिनाभर मी घड्याळ घेऊन
जुन्या शॉर्टवेव्ह सेटपाशी बसले.
हवामान, बोटीची वेळ,
कुणाच्या गुडघ्याची चौकशी:
सगळे मिळून शंभर मिनिटं.
आणि रोसामेल ओयार्सून,
एकटा, चाळीस.

तो पार टोकाला राहायचा, जिथे पाणी दुधट होतं.
एक कुत्रा, सतरा मेंढ्या, भिंतीवर बायकोचा कोट.
संध्याकाळी सातला बटण दाबायचा
आणि सोडायचाच नाही.
बर्फ, कुत्रा, पुन्हा बर्फ.
मध्ये चहा ओतला तर तोही आम्हाला ऐकू यायचा.
“याला आवरा,” एलियेसेर म्हणाला,
“एक बॅटरी वाचेल.”
एक बॅटरी म्हणजे तीस किलो, म्हणजे अर्धा घोडा.
मी म्हटलं, धर, हातचे चाळीस धर.

जूनमध्ये इथला सूर्य
उत्तरेच्या कड्यावर नुसती हनुवटी टेकतो.
सव्वा तास ऊन, बाकी उजेड.
उजेडावर फारसं काही भरत नाही.
आणि एकदा ढग बसले की सात दिवस उठत नाहीत.
दिवसाचे बावीस,
बावीस सत्ते एकशे चोपन्न.
अर्ध्याखाली बॅटरी नेऊ नये, म्हणून दुप्पट.
गारठ्यात ती आखडते, म्हणून आणखी:
चारशे. शंभराच्या चार.
पॅनेलही चारच, उत्तरेकडे तोंड करून,
इतकी उभी की बर्फाला बसायला जागा मिळू नये.

पहिल्या संध्याकाळी
रोसामेलचा आवाज इतका जवळून आला
की ओर्तेन्सियाने दाराकडे पाहिलं.

रोज पहाटे सहाला रिपीटर
मोर्समध्ये स्वतःचा दाब सांगतो.
जुलैत साधारण बारा पूर्णांक तीन.
तिसऱ्या हिवाळ्यात तो बारा पूर्णांक पाच म्हणाला,
पुढच्या आठवड्यात सहा.
ढग तेच होते. ऊन तेच, सव्वा तास.

आम्हाला माहीत होतं.
बोटीतून त्याला कोयायकेच्या इस्पितळात नेलं होतं,
कुत्रा ओर्तेन्सियाकडे होता,
नऊ रात्रींची प्रार्थनाही आटोपली होती.
बहिऱ्या डोंगराला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.
त्याचं त्यानेच ओळखलं,
आणि पहाटे पहाटे, ठिपक्यारेघांत,
आम्हालाच कळवत राहिला
की कुणीतरी आपला वाटा घेत नाहीये.

यंदा बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या.
एलियेसेरने नवा हिशोब मांडला:
तिनात भागेल, थोडं ताणून.
मी दोनदा तपासला. चूक नव्हती.

चार मागवल्या.
फाटकाशी दोन घोडे उभे आहेत.
एकाच बाजूला ओझं असलं
तर घोडा चढणीवर कलतो,
असं मी एलियेसेरला सांगितलं.
तो काही बोलला नाही,
चौथीची दोरी आवळत राहिला.