केळाचा वास

मार्च लागला की जर्मनीत म्हणे
उन्हाळ्याआधीची शेवटची बिअर घालत,
डोंगराच्या पोटात, बर्फाच्या लाद्यांशेजारी ठेवत
आणि पानगळीला उघडत.
मार्च लागला की आमच्या सावद्यात
पत्र्यावर हात टेकवत नाही.
तरी मी, हेमकांत बोरोले, कॉम्प्रेसर दुरुस्तीवाला,
याच महिन्यात घालायचं म्हणून बसलो.

पातेलं बिबड्यांचं.
चारू म्हणाली, ज्वारी भिजतेय तीन दिवसांची,
पातेलं सकाळी पाहिजे. घासून.

मोड आणून भाजलेले सातू कुरिअरनं आले होते,
गिरणीत नेले. भरडच ठेव, म्हटलं.
ढोरांसाठी का?
शेवटी ढोरांसाठीच, म्हटलं,
आणि ते खोटं निघालं नाही:
चोथा म्हशीनं बादली चाटून संपवला.

सदुसष्ट अंशांवर तासभर.
मग तिसरा हिस्सा काढायचा, वेगळा उकळायचा,
परत त्यातच ओतायचा.
याला काढा म्हणतात, मी चारूला सांगितलं,
तिनं विचारलं, खोकला कोणाला झालाय?
पण घरभर वास सुटला
कळण्याची भाकरी तव्याला जराशी लागली
की सुटतो तसा,
आणि ती दोनदा येऊन झाकण उघडून गेली.

अवघड ते पुढंच.
हे यीस्ट थंडीतच नीट वागतं.
दहा अंश. अकरा चालतील.
वीसवर गेलं की ते केळाचा वास सोडायला लागतं.

हसा.
गेल्या साली अकरा तास लाइट गेली होती
आणि नवरात्रात मी बाटली उघडली
तर आत केळं.
ज्या गावात रस्त्याला केळाचा वास,
ट्रकच्या ताडपत्रीला, नोटांना,
माझ्या धुतलेल्या शर्टालासुद्धा,
तिथं सात महिने राखून
मी अजून एक लिटरभर केळं तयार केलं होतं.
चारू हसता हसता ओट्याला टेकली.
मीही हसलो, पण उशिरा.

यंदा नेहेतेंच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कोपरा मागितला.
तिथं कच्चा माल तेरा अंशांवर झोपलेला,
लाइट गेली तर जनरेटर.
त्या कोपऱ्यात बंद पडलेल्या आइस्क्रीम पार्लरची पेटी,
मीच गॅस भरून उठवलेली,
आणि पेटीत माझा कॅन.
आठवडाभर रात्री दोनला जाऊन पाहत असे.
बाहेर जमीन भाजत असायची दोनलाही,
आत माझ्या तोंडातून वाफ.
कॅनच्या नळीतून एकेक बुडबुडा,
मोजून, जसं कोणी झोपेत बोलतंय.
मग दोन अंशांवर टाकला
आणि विसरायचा प्रयत्न केला.
उन्हाळा गेला. पोळा गेला.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ग्लास भरला.
रंग सांगायचा तर
ब्रेझिंगच्या आधी पॉलिश पेपरनं घासलेली
तांब्याची नळी.
मी पिण्याआधी यासीन तडवीला हाक मारली.
यासीनभाऊ पीत नाही, कधीच नाही.
पण वीस वर्षं तो पिकवणीच्या खोल्या सांभाळतो,
अंधारात दार उघडून सांगतो
कुठला माल आज काढायचा, कुठला परवा.
त्याचं नाक चुकत नाही.

त्यानं ग्लास हातात घेतला नाही,
नुसता वाकला.
डोळे मिटले. पुन्हा वाकला.
मला आठवलं, शाळेत निकालाच्या दिवशी
मास्तर असाच कागदावर वाकायचा.

"भाकर आहे," तो म्हणाला.
"जराशी करपेल."
मग थांबून,
"नाही भो. केळं नाही."

एवढं बोलून तो त्याच्या खोलीकडे गेला,
दार उघडलं,
आणि बाहेर आला तो सगळा पिवळा वास
माझ्या ग्लासावर येऊन बसला.