शिरगणती

बर्फ वितळायच्या दिवसांत आली ती पोरगी,
पायात रबरी बूट, काखेत टॅब्लेट.
नाव त्सिरा, खालच्या आळीतल्या सुताराची नात.
मी अक्रोड फोडत होते.
म्हटलं, बस. आधी खा, मग विचार.

"घरात माणसं किती, आजी?"

आमच्यात माणसं मोजत नाहीत, बाई.
मोजली की कमी होतात, माझी सासू म्हणायची.
पण मोजल्यावाचून भागतं कुठे?
प्रार्थनेला दहा पुरुष लागतात.
नऊ संत असले तरी चालत नाहीत,
आणि दहावा दारुडा असला तरी चालतो.
म्हणून माझा नवरा अबरामा
देवळाच्या दारात उभा राहून
प्रत्येकाच्या टोपीकडे बघत पुटपुटायचा,
एक नाही, दोन नाही, तीन नाही...
"दहा नाही" झालं
की खुशीत पोथी उघडायचा.

एक नाही, दोन नाही,
रिओनीच्या या काठाला तेव्हा अख्खी आळी आमची होती.
शुक्रवारी खिडक्यांत मेणबत्त्या लागल्या
की पलीकडच्या डोंगरातला मेंढपाळ
त्यावर आपलं घड्याळ लावून घ्यायचा.

मग विमानं सुरू झाली.
आधी शमुएल चांभार गेला.
तिकडून त्यानं फोटो पाठवला,
स्वतःचा नाही, संत्र्याच्या झाडाचा.
तो फोटो इतक्या हातांतून फिरला
की संत्री पुसट झाली.
मग खाटीक गेला,
आमच्या रीतीनं कापणारा तो एकटाच,
म्हणून मांस खाणारे गेले.
मास्तर गेला, म्हणून पोरं गेली.
सुईण गेली तेव्हा
तिला थांबवण्यासारखं कुणाच्या पोटात काही नव्हतं.

एका हिवाळ्यात नऊ उरले.
कुताईसीहून दहावा आणायचे, बसचं भाडं देऊन,
वर वाईनचा एक जग.
त्या शनिवारी घाट बंद झाला, बस आलीच नाही.
नऊ म्हातारे शेकोटीपाशी हात चोळत,
दाराकडे बघत.
मी वर होते, बायकांच्या सज्जात, एकटी.
सगळ्या प्रार्थना मला तोंडपाठ,
त्या नवांतल्या चौघांना तर मीच चुका सांगायचे.
अबरामानं एकदा मान वर केली.
बघितलं माझ्याकडे.
बराच वेळ बघितलं.
मग पोथी मिटली.

घरी येईपर्यंत दोघांपैकी कुणी
एक नाही की दोन नाही.

"आजी, किती लिहू?"

लिही बाई. पण कोणाला लिहिशील?
अश्दोदच्या नातीला सहा आहेत, सातवं वाटेवर,
तिकडे म्हणे शाळेत बाकं पुरत नाहीत.
व्हिएन्नाच्या नातवाला एकच मुलगी,
तिची आई काथरीना, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवते.
एका वहीत ही पोर आमची,
दुसऱ्या वहीत नाही.
मोजणारे दोन, पोर एकच.
फोनवर बघितलं मी तिला,
नाक थेट अबरामाचं,
आणि सर्दी झालेली.
नाकाला रकाना आहे का तुझ्याकडे?

त्सिरा हसली. म्हणाली, "इथं राहतात तेवढेच, आजी."

इथं राहतात ते बहुतेक टेकडीवर.
तिथं दहा केव्हाच भरले,
दहाचे दहा जथे भरले,
आता पोथी उघडणारं कुणी नाही एवढंच.
देवळाची किल्ली माझ्या कमरेला.
शुक्रवारी झाडते, दिवा लावते.
गुडघ्यांमुळे सज्जात चढवत नाही हल्ली,
खालीच उभी राहते, अबरामाच्या जागेवर.
कुणी हरकत घेत नाही.
हरकत घ्यायला तरी
कुणीतरी लागतंच ना.

पोरीनं बोटानं काचेवर आकडा दाबला.
दिसायला केवढासा, खिळ्यासारखा.
जन्मभर खिजगणतीत नव्हते मी,
आणि आता गणती म्हणजे मीच.

"धर्म?" तिनं विचारलं.
सांगितला. तिनं यादीत खूप खाली शोधला.

जाताना ओंजळभर अक्रोड तिच्या खिशात ओतले,
किती, ते बघितलं नाही.
फाटकाशी थांबून ती म्हणाली,
"आजी, पुढच्या वेळी येईन तेव्हा—"
आणि वाक्य तसंच ठेवून
चिखल चुकवत उताराला लागली.