सहभागी क्रमांक चौदा

अंबडच्या शेडमध्ये अर्धीच गाडी आहे.
बोनेट नाही, चाकं नाहीत, मागची सीट नाही.
समोरच्या भिंतीवर रस्ता पळतो
कुठल्या तरी थंड देशातला:
त्यावर खड्डा नाही, गतिरोधक नाही,
उलट्या बाजूने येणारा एकही ट्रॅक्टर नाही.

माझं काम नजर मोजायचं.
स्टिअरिंगमागचा कॅमेरा बुबुळं टिपतो,
मी एकेक फ्रेम थांबवून लिहिते:
रस्ता. रस्ता. स्क्रीन. स्क्रीन. स्क्रीन. रस्ता.
दोन सेकंदांच्या वर नजर खाली राहिली
की ओळ लाल.

ताशी साठच्या वेगात दोन सेकंद
म्हणजे तेहतीस मीटर.
मला मीटर दिसत नाहीत,
म्हणून दिंडोरीला गेले तेव्हा
आमच्या बागेतच मोजून आले.
बावीस वेली.
डोळे मिटून बावीस वेली चालायचं
आणि खांदा कशाला लागू द्यायचा नाही.

तेरा जण येऊन गेले.
बँकेतली एक मुलगी गाणं शोधता शोधता
चाळीस वेली गेली.
एक डॉक्टर म्हणाले, माझं लक्ष असतं हो सगळीकडे.
त्यांचं पान लालच लाल.

चौदावे त्र्यंबक आव्हाड.
सिन्नर डेपो, कसारा घाटात एकतीस वर्षं.
चपला दाराबाहेर काढून आले,
अर्ध्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावून
तो कपाळाला लावला.
स्क्रीनवरून बोट फिरवून पाहिलं.
"याला खटका नाही का?
मग बोटाला कळणार कसं?"

आधी प्रज्वलने तो चष्मा चढवला त्यांना,
दीड सेकंद उघडा, दीड सेकंद दुधी.
"मोतीबिंदूत असंच दिसायचं," ते म्हणाले,
"पण तेव्हा मी रजा टाकली होती."

मग चष्मा काढून रस्ता सुरू केला.
सूचना आली: एसी चोवीसवर आणा.
आव्हाडांनी आरशात पाहिलं.
इंडिकेटर दिला.
वेग उतरवत गाडी डावीकडे घेतली,
थांबवली, हँडब्रेक ओढला,
खिशातून जवळचा चष्मा काढला,
आणि वाकून, निवांत,
एकेक अक्षर वाचत
एसी चोवीसवर आणला.

भिंतीवरच्या देशात
रस्त्याकडेला थांबायची सोयच नव्हती.
संगणकाने जाहीर केलं: अपघात.

"काका, थांबायचं नाही," प्रज्वल हसला,
"चालवता चालवता करायचं."
"चालवता चालवता?"
त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.
"मागे पंचावन्न माणसं आहेत, साहेब."

मी खरंच मागे पाहिलं.
मागे पत्र्याची भिंत होती
आणि पाण्याचा जार.

संध्याकाळी नोंद वगळताना कारण निवडायचं होतं.
कॅमेरा बिघडला.
सहभागी आजारी.
सूचना समजली नाही.
तिसरं निवडलं, तसंच सांगितलं होतं मला.
ओळ करडी झाली, सरासरीतून निघून गेली.

घरी जाताना पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला
शेजारच्या गाडीत एक चेहरा,
हनुवटीखालून उजळलेला.
दिवा हिरवा झाला.
गाडी सुटली, चेहरा खालीच.
मी उभ्या स्कूटीवर मोजत राहिले,
मागचे हॉर्न वाजवत होते,
नऊ वेली,
दहा,
अकरा