दूधगंगेच्या अलीकडं, चार सेकंद

वखारीच्या गच्चीवर दुर्बीण नेताना
नेमगोंडा मगदूम तीनदा शिंकला.
माघातली निपाणी. तंबाखूचा खाट
जिन्यातसुद्धा बसलेला असतो.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो शिपाई.
कॅमेऱ्यासाठी पतपेढीतनं कर्ज काढलंय,
घरी सांगितलेलं नाही.
मला म्हणाला, अक्का, तू फक्त सेकंद मोज,
विड्यांच्या जुड्या मोजतीस तसं.

नेपच्यूनच्या पल्याड बर्फाचा एक गोळा, ऑर्कस.
त्याचा चंद्र, वान्थ. चंद्र कसला,
अर्ध्या अंगाचा धाकटा भाऊच.
दोघं एकमेकाला धरून फिरतात, म्हणाला,
आणि फिरण्याचा खुंटा
दोघांच्याही जमिनीत नाही.
मधल्या मोकळ्यात आहे.
मी म्हटलं, मग रोवला कुणी?
नेमगोंडा बॅटरीला लाल कागद गुंडाळत राहिला.

दोन अडतीसला ऑर्कस ताऱ्यावरनं जायचा होता.
गेला नाही.
एकोणचाळीस. चाळीस.
खालनं भरमव्वानं विचारलं, एनाय्तु?
एनिल्ल, मी म्हटलं.
तेवढ्यात कॅमेरा मान टाकून बसला.
नेमगोंडानं तो काढला, शिवी दिली,
आणि रिकाम्या नळीला भिंग लावून
मला म्हणाला, बघ तरी.

मी डोळा लावला
आणि तारा विझला.
एक जुडी, दोन, तीन, चार.
पेटला.

थोरल्याची वाट बघत बसावं
आणि दारात धाकटा उभा, तसा
वान्थ येऊन गेला होता.

कागलहून सुलेमान जमादारचा फोन:
इथं काय विझलं नाही, डोळा हलवला नाही मी.
म्हणजे सावलीची कड
आमच्या आणि त्याच्या मधनं गेली.
कोगनोळीच्या नाक्याआधी की नंतर,
कुठल्या उसातनं, कुठल्या बांधावरनं,
कुणाला विचारायचं?

तिथला उजेड इथं यायला साडेसहा तास.
म्हणजे ही सावली निघाली तेव्हा
रात्रीचे आठ वाजून गेले होते,
आणि मी भरमव्वाकडनं
जमिनीचा उतारा वाचून घेत होते.
कानडीतलं माझं नाव तिनं दोनदा वाचलं.
हे तूच न्हवं?
असेन, म्हटलं.

नेमगोंडानं वहीत चार लिहिलं.
नुसतं चार नाही, मी म्हटलं.
चौथी जुडी बांधून झाली होती,
दोरा तोडायचा होता, एवढं वर.
त्यानं चारपुढं टिंब दिलं
आणि आकड्याला जागा सोडली.