सातवा पिंजरा

उदगीर. पहाटेचे साडेपाच.
दोन-दोन हातमोजे घालून
एकेकीला वाटीत बसवतो, वजन घेतो.
एकशे चार. एकशे एक.
सातव्या पिंजऱ्यातली अठ्ठ्याऐंशी.
आली तेव्हा भरून शंभर होती.

कानाची पाळी उजेडात धरली,
हळद लागल्यागत.
नवरीची आठवण यायला नको होती. आली.

मॅडम म्हणतात, इलाहीभाई,
बाटलीतच वाढत राहिला
की जंतू डसायचं विसरतो.
आठवण करून द्यायला त्याला
हॅमस्टरच्या अंगातून न्यावं लागतं.
हा शिरूर ताजबंदकडच्या एका गोठ्यातला,
धारा काढणाऱ्या बाईच्या लघवीतला.

बाई वाचली का, मी विचारलं.
मॅडमनी चष्मा पुसला.

एकदा दुर्बिणीत दाखवला होता:
काळ्याभोर अंधारात चांदीचा दोरा,
टोकाला गळासारखा आकडा,
नुसता थरथरतोय,
जाईना कुठं.

उंदराला म्हणे काहीच होत नाही.
हा त्याच्या मूत्रपिंडात बिऱ्हाड करतो, बिनभाड्याचं,
आणि उंदीर कणगीमागं
लेकरंबाळं वाढवतो खुशाल.
आमच्या घरी तीन तरी असतील.
सापळा लावलाय. रिकामाच असतो.

दहावा हिस्सा वजन उतरलं
की थांबवायचं, जास्त हाल नकोत,
असा कागद आहे भिंतीला.
मी आकडा लिहिला, सातवर फुली मारली.
मॅडमला फोन केला. निघाल्यात.

तोवर कोरडा भुसा टाकला,
वर चार करडईचे दाणे.
तिनं एक उचलला,
खाल्ला नाही,
गालात ठेवला,
मागून लागेल म्हणून.