दिव्याला घाम

भाद्रपद अर्धा सरला तरी
माझ्या गाडीच्या दिव्यात पाऊस उरलेला.
काचेच्या आतून, दाणेदार.
मी बाहेरून पुसायचो, पुसायचो,
मग लक्षात यायचं, आपण चुकीच्या बाजूला आहोत.

रायबंदरहून शेवटची फेरी सुटते
तेव्हा मी दिवाडीचं भाडं घेऊन तिच्यात असतो.
पलीकडे खाजनातला रस्ता, दोन्हीकडे पाणी,
आणि पुढे दिवा नव्हे, ताकाचा पेला.
त्या ताकात एकदा म्हैस उशिरा दिसली.
मागे बसलेली सुलक्षा नर्स काही बोलली नाही.
फक्त माझ्या खांद्यावरचा हात तिनं
दुसऱ्या दिवसापासून सीटच्या कडीवर ठेवला.

पायलट स्टँडवर उपाय फुकट मिळतात.
रुझार म्हणाला, बायकोचा हेअर ड्रायर आण.
बाबल म्हणाला, बुटांच्या खोक्यातल्या पुड्या टाक,
'खाऊ नका' लिहिलेल्या.
सगुण म्हणाला, तांदूळ.
मोबाईलला चालतात, दिव्याला का नाही?
मी तिघांचंही ऐकलं, वर स्वतःची अक्कल लावली:
सिलिकॉनची नळी आणून सगळ्या फटी लिंपल्या.
आता बाहेरचं पाणी आत येणार नव्हतं.
आतलंही कुठे जाणार नव्हतं.
दोन दाणे आत राहिले होते, ते फुगले.

कायतान मेस्तानं दिवा काढून
शहाळं हलवावं तसा कानाशी हलवला.
"कोणी बुजवलं हे?"
मी नदीकडे बघितलं.
"दिव्याक उस्वास जाय रे.
तापला की सोडतो, थंडावला की ओढतो.
तू नाक दाबून धरलंस, तो करणार काय?"

दुपारचे उंडे निघाल्यावर
दिवा आम्ही मार्सालिन पोदेराकडे नेला.
त्यानं चिमूटभर पीठ भट्टीत फेकलं.
काळं पडलं. "थांबा."
आणखी चिमूट. तांबूस. "थांबा."
तिसऱ्या वेळी पीठ पीठच राहिलं,
तेव्हा लांब दांड्याच्या फळीवरून
माझा दिवा आत सरकला, पावासारखा.
पाच मिनिटं. कायतान घड्याळ बघत होता,
मी त्याच्याकडे.
डिंक सैलावला, काच सुटली,
माझं सिलिकॉन शेवयांसारखं निघालं.

दिव्याच्या बुडाशी पेन्सिलीएवढी नळी असते.
मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हती.
कायताननं छत्रीची तार घातली.
माती आली. कुंभारमाशीची,
गोल, बोटानं सारवल्यासारखी गुळगुळीत,
आणि आत चार हिरव्या अळ्या, निजलेल्या,
पिल्लासाठी भरून ठेवलेल्या.
आई मे महिन्यात सुकी सुंगटं, सोलं, मिरच्या
डब्यांत कोंबते, तसं हिनं पुरुमेत केलं होतं
माझ्या दिव्याच्या नाकात.
मार्सालिननं त्या अळ्या कागदावर घेतल्या
आणि कुठे ठेवाव्यात ते न कळून
तसाच उभा राहिला.

मग मागची रबरी टोपी.
तिच्यावर 'टॉप' असं कोरलेलं, आणि ते खाली.
एप्रिलात बल्ब मीच बदलला होता.
हे मी तिथे सांगितलं नाही.

"सकाळी नखाएवढं धुकं येईल," कायतान म्हणाला,
"नवापर्यंत गेलं तर जाऊ दे.
नाही गेलं तर ये. सिलिकॉन घरी ठेव."

त्या रात्री रस्ता पुन्हा रस्ता होता.
मानशीच्या फळ्या दिसल्या,
खांबावरचा बगळा दिसला, त्याची मिटलेली मान दिसली.
सुलक्षाचा हात कडीवरच होता.
महिनाभराची सवय.

सकाळी स्टँडवर माशी आली.
तोंडात ओल्या मातीची गोळी,
दिव्याखाली दोनदा फिरली.
मी वाकून नळीवर बोट धरलं.
भाडं आलं, "पणजी" म्हणालं.
मी म्हटलं, जरा थांबा.